मुरूम, समजुती आणि मेडिकलमधली ट्यूब

(देवळाली कॅम्प येथे उन्हाळी व्याख्यानमालेत एका त्वचारोगतज्ज्ञाने दिलेले व्याख्यान)



भगूरसारखं ऐतिहासिक गाव इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे या भागातल्या व्यासपीठावर इतिहास शोभतो. म्हणूनच मुरमांवर व्याख्यान म्हटल्यावर पुढच्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी गालातल्या गालात हसली, ते मी पाहिलं. खुशाल हसा. मागे भिंतीला टेकून उभी असलेली कॉलेजची मुलं मात्र हसत नाहीयेत.

या मुलांना घरात काय ऐकावं लागतं? 'तोंड नीट धुत नाहीस.' 'वडापाव बंद कर.' 'पोटात उष्णता झालीय.' 'रक्त खराब झालंय.' म्हणजे आजार चेहऱ्यावर आणि आरोप चारित्र्यावर!

खरा प्रकार असा. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, त्वचेतल्या तेलग्रंथी जोरात कामाला लागतात. रंध्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, तेल आत तुंबतं, त्यात जंतू वाढतात आणि सूज येते. हे सगळं कातडीच्या आत चालतं, साबण पोचतो वरवर. ब्लॅकहेडचा काळा ठिपका हासुद्धा मळ नव्हे. हवा लागून काळवंडलेलं तेल आणि त्वचेचंच रंगद्रव्य आहे ते. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुतलं की पुरे. घासाल तर सूज वाढेल. लिंबू आणि टूथपेस्ट यांची जागा अनुक्रमे पोह्यांवर आणि ब्रशवर.

रक्त गाळायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, त्यांना कडू काढ्याची मदत लागत नाही. वडापावातलं तेल गालावर झिरपत नाही. मात्र साखर, मैदा आणि काही जणांत दूध यांचा मुरमांशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. भरतीसाठी पळणाऱ्या, जिमला जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीनच्या डब्याकडेही जरा संशयाने पाहावं. कपाळावरच पुटकुळ्या असतील तर चापूनचोपून लावलेलं केसांचं तेल आठवा. हनुवटीवर असतील तर हेल्मेटचा घामट पट्टा.

घाम आणि घर्षण यांचा धडा सैन्यानेच दिलाय. दुसऱ्या महायुद्धात उष्ण, दमट मुलखात गेलेल्या सैनिकांच्या पाठीवर इतके भयंकर मुरूम उठत, की त्यांना थंड हवेत परत पाठवावं लागे. हवापालटाला देवळालीत येणाऱ्यांना हे पटेल. पण नुसत्या हवेने मुरूम जात नाहीत. लग्नानेही जात नाहीत. तिशीतल्या बायकांनाही ते येतात, आणि सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करावी.

आता मुद्द्याचं. या समजुतींत दोन-तीन वर्षं जातात, डाग पडतात, मग कुणीतरी सांगतं, मेडिकलमधून अमुक ट्यूब आण. ट्यूब स्वस्त असते. आठवड्यात लाली उतरते, चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात काय लावलंस. त्यात स्टिरॉइड असतं. काही महिन्यांत त्वचा कागदासारखी पातळ होते, गालावर लाल शिरांचं जाळं दिसतं, मुलींच्या हनुवटीवर लव वाढते, आणि ज्यासाठी लावली ते मुरूम दुप्पट होतात. थांबवली तर चेहरा आगीसारखा पेटतो, म्हणून पुन्हा लावली जाते. माझ्या मते हे व्यसनच आहे, आणि ते घराघरांत आईच्या संमतीने चालतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही जाणता.

बिनलेबलच्या डबीची गोष्ट आणखी वाईट. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा निघाला पाऱ्याचा, स्थानिक पातळीवर विकत घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीममधला. २०२३च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत हे आलं होतं.

उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत. बेन्झॉइल पेरॉक्साइड आहे, त्याने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून पांढरा अभ्रा घाला. रात्री लावायचं ॲडापेलीन आहे, मटारच्या दाण्याएवढं साऱ्या चेहऱ्याला पुरतं. फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या, आणि गरोदरपणात किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असताना अजिबात नाहीत.

घरी गेल्यावर कपाटातली ती ट्यूब काढा आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ती बरेच दिवस चेहऱ्यावर लागत असेल, तर एकदम बंद करू नका. ट्यूब हातात घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.