विमानप्रवास आणि आपला संकोच



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी ‘विमानप्रवासावर बोला’ असे सुचविले तेव्हा आम्ही प्रथम हसलो. ज्या गावाची कीर्ती तांब्यापितळेच्या भांड्यांची, ज्याच्या उशाशी आग्रा रोडवरच्या मालमोटारी रात्रंदिवस घरघरतात, तेथे विमानाचे काय काम? पण मग आम्ही मनाशी आपल्या एका आळीचीच मोजदाद केली. गेल्या दोन-तीन वर्षांत तेथून पाच जोडपी लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापार जाऊन आली. त्या पाचांत आम्हीही होतो. तेव्हा विषय परका नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईस जे विमान आणले त्यात उतारू नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. थैल्यांचे कान दुखत नाहीत आणि पाय सुजत नाहीत. पुढे जून १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेले, त्यात पस्तीस उतारू होते. त्या काळी विमानात बसणारा मनुष्य बहुधा साहेबी रीतीत मुरलेला असे. काय हवे ते मागून घेणे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. आज तुम्हीआम्ही बसतो, आणि आपल्याला मागता येत नाही. आमचे आजचे सगळे रडगाणे एवढ्याच मुद्द्याभोवती आहे.

अगोदर थोडी हवेची हकीकत सांगतो. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडते, आत हवा दाबून भरलेली असते, हे खरे. पण ती जमिनीवरच्याइतकी दाट नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या ठिकाणी असते तितकी ती विरळ असते. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर तासन् तास मुक्काम करतो. तिथे पोटातला वायू फुगतो. निघण्यापूर्वी प्रेमाने वाढलेली शेवभाजी आणि हरभऱ्याची उसळ मग आपला हिशेब चुकता करून घेते. आमच्या पिशवीतले शेवेचे पाकीट फुगून टम्म झालेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. पाकिटाचे जे झाले तेच आमचे झाले होते, फरक इतकाच की पाकीट निमूट होते.

कानांचे दुखणे मुख्यतः उतरताना. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत हवा जाण्याची एक बारीक नळी घशाशी उघडते. बाहेरचा दाब वाढतो आणि ती नळी चटकन उघडत नाही. गिळले, जांभई दिली की ती उघडते. म्हणून पूर्वी विमानात गोळ्यांचे ताट फिरवीत. आता ते ताट गेले, तेव्हा गोळी आपणच खिशात ठेवावी. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून अगदी हलकेच हवा सोडली तरी चालते. जोर मात्र करू नये. तान्ह्या मुलाला उतरतेवेळी पाजायला घ्यावे. आणि विमान खाली येऊ लागले की झोपलेल्याला उठवावे. आमच्या मागच्या रांगेतले एक शिंदखेड्याकडचे आजोबा मुंबई आल्यावर जागे झाले आणि मोठ्याने ओरडले, “भाऊ, मन्हा कान बंद व्हई ग्यात!” कान बंद म्हणून आवाज मोठा.

विमान हेलकावते त्याचीही धास्ती नको. जळगावला २०१७ साली उडान योजनेतून विमान सुरू झाले, बंद पडले, पुन्हा सुरू झाले. तिथून जाणारी विमाने लहान, पंख्यांची. मोठ्या विमानाइतकी उंच न जाणारी. आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जमीन तव्यासारखी तापते, वाफारे वर उसळतात आणि विमान त्यांवरून खड्ड्यातून गेल्यासारखे जाते. एस. टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने साक्रीचा रस्ता केला त्याला यात नवे काही नाही. उन्हाळ्यात सकाळचे विमान धरावे, पंखाजवळची जागा मागावी, पट्टा सैल करू नये. बस.

आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो.

आम्ही उभयता मुंबईहून अमेरिकेस निघालो. प्रवास सोळा तासांचा. ही खिडकीशी, आम्ही मध्ये आणि वाटेकडच्या जागेवर एक धिप्पाड गृहस्थ. ते विमान सुटताच घोरू लागले. आम्ही समोरच्या पडद्यावर एकामागून एक तीन चित्रपट पाहिले. मोठी मौज वाटली. हवाई सुंदरी पाणी घेऊन दोनदा आली, हिने दोन्ही वेळा मानेने नको म्हटले. आम्हाला वाटले, तहान नसेल.

तिसऱ्या दिवशी मुलाच्या घरी हिची डावी पोटरी सुजून लाल झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, शिरेत रक्ताची गुठळी आहे. ती छातीत सरकली असती तर जिवावर बेतले असते. नातवाला मांडीवर घ्यायला गेलेली बाई पहिले काही आठवडे सुया टोचून घेत होती. चार तासांहून लांब बैठकीत पाय हलले नाहीत की रक्त साकळण्याचा धोका वाढतो, हे आम्हाला तेव्हा तिथे कळले.

आम्ही विचारले, “तू एकदाही उठली का नाहीस?” ती म्हणाली, “त्या भाऊले कसं उठाडू?” मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. संडासाचे दार कसे उघडते ते तिला कळले नव्हते, आणि ते विचारायची लाज वाटली. जायला नको म्हणून पाणी नको. सोळा तास. आणि आम्ही शेजारी बसून चित्रपट पाहात होतो. त्या गृहस्थाला हलवून उठविण्याचे काम आमचे होते. आम्हालाही संकोचच वाटला, हे आम्ही आजवर कुणापाशी बोललो नव्हतो.

म्हणून, माताभगिनींनो, ते दार पुष्कळ ठिकाणी मधोमध दुमडणारे असते. मध्यावर हाताने ढकलले की आत दुमडते. आतून कडी सरकवली की दिवा लागतो. पाणी सोडताना मोठा आवाज होतो, तो नुसता ओढीचा, भिऊ नये. वाटेकडची जागा तिकीट काढतानाच मागावी. दर तासा-दोन तासांनी उठावे, बसल्या जागी टाचा वरखाली कराव्यात, पाणी पीत राहावे, कारण आतली हवा वैशाखातल्यासारखी कोरडी असते. ज्याला पूर्वी गुठळी झाली आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घालावेत. दुकानातून मनाने आणू नयेत. चालवत नसेल तर चाकाच्या खुर्चीची मागणी आगाऊ नोंदवावी, त्यात कमीपणा नाही. मात्र धडधाकट माणसाने केवळ रांग चुकविण्यासाठी ती अडवू नये. एखाद्या खऱ्या गरजूची खुर्ची त्यात जाते.

परतीच्या प्रवासात ही वाटेकडे बसली. तिने शेजाऱ्याला नव्हे, पण आम्हाला मात्र सात वेळा उठविले.

सामानाविषयी एकच सांगतो, कारण ते खास सोनगीरचे आहे. सुनेसाठी आम्ही येथली पितळी घागर हातातल्या पिशवीत घेतली होती. जागा वाया जाऊ नये म्हणून हिने तिच्यात बिबडे आणि खोबऱ्याच्या वाट्या भरल्या. तपासणीच्या यंत्राला जाड धातूतून आरपार दिसत नाही. पडद्यावर नुसता काळा गोळा. घागर उघडावी लागली, मागे रांग खोळंबली. सुके खोबरे तेलकट, पेट घेणारे, म्हणून विमानात मनाईच्या यादीत आहे. ते तिथेच राहिले, बिबडे गेले. तेव्हा भांडे न्यायचे तर मोठ्या सामानात, कपड्यांत गुंडाळून आणि रिकामे न्यावे.

घागर पोचली. काठाला एक पोचा आला आहे, आणि तिकडे तो काढणारा तांबट मिळत नाही. पुढच्या खेपेला मुलगा ती इकडे घेऊन येणार आहे; कशी भरून आणायची ते त्याला हिने फोनवर सांगितले आहे.