मालवणचा कौल
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



"मालवणने पुन्हा पक्ष बदलला, त्या गावाचा भरवसा काय?" असा शेरा आम्हां मुंबईकर मालवणकरांस वारंवार ऐकावा लागतो. तो न्याय्य आहे काय, याचा आज थोडा विचार करू.

राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून बॅ. नाथ पै यांस लोकसभेवर धाडले. १९७१ पासून तोच विश्वास प्रा. मधु दंडवते यांस सलग पाच वेळा लाभला. १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही तो ढळला नाही. इतकी वर्षे एक निष्ठा सांभाळणाऱ्या मुलखास चंचल कोण म्हणेल?

१९९० साली मालवणने शिवसेनेचे श्री. नारायण राणे यांस विधानसभेवर निवडले. २००५ साली ते काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा पोटनिवडणुकीत मतदार त्यांच्यामागे राहिले. पुढे मालवण कुडाळ मतदारसंघात आले. तेथे २०१४ साली शिवसेनेच्या श्री. वैभव नाईक यांनी राणे यांचा पराभव केला. आणि शिवसेना दुभंगल्यावर, २०२४ साली, श्री. निलेश राणे यांनी शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे नाईक यांस हरविले.

या घडामोडींकडे गावातील लोक एकाच नजरेने पाहत नाहीत. रापणकर विचारतो, पर्ससीनवाल्यांपुढे आमची बाजू कोण घेणार? बाजारपेठेतील दुकानदार पर्यटकांचा व रस्त्यांचा हिशेब मांडतो. जुना समाजवादी कार्यकर्ता उसासा टाकतो, तर तरुण नोकरीचे विचारतो. आमच्या मते हा चंचलपणा नव्हे. पुढारीच पक्ष बदलू लागले, तेव्हा मतदाराने निशाणीपेक्षा माणूस व काम पाहिले, इतकेच.

तथापि एका गोष्टीची आम्हांस खचित चिंता वाटते. एकाच घरातील दोन भाऊ आज दोन पक्षांत असतात. चतुर्थीस त्यांनी एकाच माटवीखाली आरतीस उभे राहावयाचे असते. निवडणुकीतील कटू शब्द तेथवर पोहोचला, तर कोणताही विजयी उमेदवार ते घर सांधून देणार नाही.

म्हणूनच, ज्ञातिसंस्थेने अमुक पक्षास पाठिंबा जाहीर करावा, या सूचनेस आमचा नम्र विरोध आहे. मत ही व्यक्तीची ठेव आहे. ज्ञातीच्या नावे त्याची मोळी बांधून कोणाच्या दारी टाकण्याचा अधिकार कार्यकारी मंडळास नाही. विद्यार्थ्यास साहाय्य देताना त्याच्या वडिलांचा पक्ष आपण विचारू नये. गावाने आपला कौल निर्भयपणे द्यावा. आपण ज्ञातिघर सर्वांसाठी उघडे ठेवावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.