बातमी कोणाची, प्रसिद्धी कोणाची?

(बंगळूर येथे पत्रकारिता व जनसंपर्क या विषयांचे शिक्षण घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



तुम्ही ज्या अभ्यासक्रमासाठी घरापासून इतक्या दूर आला आहात, त्यात दोन विषय एकाच छपराखाली शिकवले जातात. सकाळच्या तासाला बातमी कशी शोधावी हे शिकवतात. दुपारच्या तासाला संस्थेची बाजू वृत्तपत्रापर्यंत कशी पोचवावी हे शिकवतात. दोन्हींना मिळून ‘संज्ञापन’ असे भारदस्त नाव आहे. परंतु एकाचे काम झाकलेले उघडे करण्याचे आहे आणि दुसऱ्याला पगार मिळतो तो बहुधा काय उघडे करावे व काय करू नये हे ठरवण्यासाठी. हा विरोध पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो, म्हणून त्याविषयी आज बोलायचे आहे.

437 कोटींचा धडा

उदाहरणासाठी लांब जाण्याचे कारण नाही. येथून पन्नास-साठ किलोमीटरवर, कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे आयफोनची जुळणी करणारा कारखाना आहे. तो तेव्हा तैवानच्या विस्ट्रॉन कंपनीचा होता. 12 डिसेंबर 2020 रोजी पहाटे, थकलेल्या व कापलेल्या वेतनाच्या रागातून कामगारांचा उद्रेक झाला आणि मोडतोड झाली. कंपनीच्या तक्रारीतील 437 कोटी रुपयांच्या नुकसानीचा आकडा लगेच देशभर छापला गेला. काही दिवसांतच त्याच कंपनीने तैवानच्या शेअर बाजाराला कळवले, की नुकसान 10 ते 20 कोटी तैवानी डॉलर, म्हणजे सुमारे 26 ते 52 कोटी रुपये आहे. पुढे राज्याच्या कारखाने विभागाच्या तपासणीत कामगार कायद्यांचा भंग आढळला. 19 डिसेंबरला कंपनीने वेतनातील चुका मान्य केल्या, कामगारांची माफी मागितली आणि भारतातील कारभार पाहणाऱ्या उपाध्यक्षाला दूर केले.

मोडतोडीचे समर्थन करण्यासाठी हे सांगत नाही. प्रश्न तुमच्या विषयाचा आहे. पहिल्या दिवशीचा आकडा कोणी दिला, तो कोणी तपासला आणि वेतनचिठ्ठी पाहायला कोणी मागितली? नुकसानीचा आकडा पोलिसांकडील तक्रारीत आयता मिळत होता. वेतनाचा हिशेब मिळवायचा तर कामगाराच्या खोलीवर जावे लागत होते. सोपी वाट व खरी वाट यांतील हे अंतर चालून जाणे म्हणजे पत्रकारिता.

जनसंपर्काचा जन्म

आधुनिक जनसंपर्काच्या प्रवर्तकांपैकी एक म्हणून आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थाचे नाव तुम्ही वाचले असेल. वृत्तपत्रांना उघडपणे व अचूक माहिती पुरवू, असे जाहीर निवेदन त्याने 1906 साली केले होते. त्याची परीक्षा 1914 साली झाली. कोलोरॅडोतील लडलो येथे संपावरील खाणकामगारांच्या तंबूंवर 20 एप्रिल रोजी सशस्त्र हल्ला झाला. स्त्रिया व मुलेही मेली. खाणीचे मालक रॉकफेलर यांनी आपली प्रतिमा सावरण्यासाठी लीला नेमले. त्याने काढलेल्या पत्रकांत संपाच्या पुढाऱ्यांच्या मानधनाचे कित्येक पटींनी फुगवलेले आकडे होते. सरकारी आयोगापुढे साक्ष देताना त्याला विचारण्यात आले, की मालकांनी दिलेली माहिती खरी आहे का, हे तुम्ही तपासले होते काय? काहीही तपासले नव्हते, अशी कबुली त्याला द्यावी लागली.

याचा अर्थ जनसंपर्काचे काम करणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असा नव्हे. लसीकरणाची माहिती खेड्यापर्यंत पोचवणे हाही जनसंपर्कच आहे, आणि संपाचे पत्रक काढणारी कामगार संघटनाही आपली बाजूच मांडत असते. परंतु त्या पत्रकाखाली संघटनेचे नाव असते. मांडणारा कोण, पैसा कोणाचा आणि माहिती पडताळता येते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे उघड असतील तर ती प्रसिद्धी प्रामाणिक म्हणता येते. ती लपवून प्रसिद्धी बातमीच्या वेषात वावरू लागली, की ती वाचकाची फसवणूक होते.

आपल्या महाराष्ट्रात 2009 च्या विधानसभा निवडणुकीत ही फसवणूक उघडी पडली. निरनिराळ्या वृत्तपत्रांत उमेदवाराची तीच स्तुती, शब्द न् शब्द सारखी, बातमी म्हणून छापली गेल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने 2010 साली ‘पेड न्यूज’वर सविस्तर अहवाल तयार केला, कौन्सिलने मात्र त्याचा संक्षेपच स्वीकारला. माहिती अधिकाराचा दरवाजा ठोठावल्यानंतर 2011 साली मूळ अहवाल लोकांपुढे आला. वृत्तपत्रांच्या पैशाविषयीचा अहवाल दडपला जातो, यातच त्या पैशाचे बळ दिसते.

पत्रकार हाही कामगार

पदवी घेऊन तुम्ही बाहेर पडाल ते नोकरीच्या शोधात. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने चार आठवड्यांत जास्तीत जास्त 144 तास काम, नोकरीवरून काढण्यापूर्वी मुदतीची नोटीस आणि वेतनमंडळ हे हक्क दिले. मजिठिया वेतनमंडळाच्या शिफारशी 2011 साली अधिसूचित झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली त्या वैध ठरवल्या. तरी त्या पदरात पाडून घेण्यासाठी पत्रकारांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. 2020 साली संसदेने हा स्वतंत्र कायदा नव्या कामगार संहितेत गुंडाळला. 144 तासांची मर्यादा राहिली, व्याख्येत डिजिटल माध्यमेही आली. पत्रकारांसाठीचे वेतनमंडळ मात्र गेले. ज्याची नोकरी उद्या राहील की नाही याची शाश्वती नाही, तो जाहिरातदाराविरुद्ध किती दिवस लिहील? पत्रकाराच्या सचोटीचा प्रश्न त्याच्या वेतनाच्या व संघटनेच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

पैशाच्या जोडीला बंदुकीचेही भय आहे. बंगळूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या पी. लंकेश यांनी 1980 साली ‘लंकेश पत्रिके’ सुरू केले आणि जाहिराती न घेता केवळ वाचकांच्या बळावर ते चालवले. त्यांची कन्या गौरी लंकेश यांनी तोच मार्ग चोखाळला. 5 सप्टेंबर 2017 रोजी याच शहरात, त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून त्यांचा खून करण्यात आला. दाभोलकर, पानसरे आणि कलबुर्गी यांच्यानंतरचा तो बळी होता. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यातील सीमेचा वाद मारेकऱ्यांच्या आड आला नाही. मग सत्य सांगणाऱ्यांच्या एकजुटीच्या आड तो का यावा?

काय शिकावे?

विद्यापीठातील शिक्षण टाकाऊ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात 1951 साली आणि नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1952 साली हे शिक्षण सुरू झाले, तेव्हापासून कितीतरी उत्तम पत्रकार त्यातून घडले. परंतु ‘दीनबंधू’तून गिरणी कामगारांची दुःखे मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे कोणत्याही पत्रकारिता विभागात गेले नव्हते. ते स्वतः गिरणीत नोकरी केलेले होते. तो अनुभव तुम्हाला प्रयत्नपूर्वक मिळवावा लागेल.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, कन्नड शिका. या शहरातील कामगार इंग्रजीत दुःख सांगत नाही, आणि जनसंपर्क अधिकारी मात्र उत्तम इंग्रजी बोलतो. दुसरी, कंपनीचा ताळेबंद, वेतनचिठ्ठी आणि कामगार कायदा वाचायला शिका. म्हणजे 437 कोटींसारखा आकडा समोर आला, की हात आपोआप थांबेल. तिसरी, एकटे राहू नका. नोकरीच्या पहिल्या महिन्यातच पत्रकार संघटनेचे सभासद व्हा.

18 व 19 एप्रिल 2016 रोजी येथील हजारो कापड-शिलाई कामगार, त्यांतही मुख्यतः स्त्रिया, रस्त्यावर उतरल्या. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्र सरकारने केला होता. त्यांच्यापाशी जनसंपर्क अधिकारी नव्हता आणि जाहिरातीसाठी पैसाही नव्हता. दुसऱ्याच दिवशी सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. अशा दिवशी रस्त्यावर किती मोटारी खोळंबल्या हे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या स्त्रिया शिलाईयंत्र सोडून रस्त्यावर का आल्या, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहिणारे थोडे असतात. त्या थोड्यांत तुमची गणना व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.