नफा नंतर, आधी माणूस: अल्कोआची गोष्ट

आजची गोष्ट अल्कोआची, म्हणजे ॲल्युमिनियम बनवणाऱ्या बड्या अमेरिकन कंपनीची. १९८७ साली पॉल ओ'नील तिचे सीईओ झाले. पहिल्याच भाषणाला गुंतवणूकदार नफ्याचं ऐकायला बसलेले, आणि हे बोलले कामगारांच्या सुरक्षिततेवर! ध्येय काय, तर शून्य अपघात. काहींना वाटलं, बुडाली ही कंपनी.

पण गंमत बघा. नियम असा झाला की कुणी जखमी झालं तर २४ तासांत खबर सीईओंपर्यंत पोचली पाहिजे, सोबत उपायही. मग साहेबांना फ्लोअरवरच्या माणसाचं ऐकावंच लागलं. ऐकता ऐकता कामातल्या इतर चुकाही सापडल्या. २००० सालापर्यंत, जखमेमुळे काम बुडण्याचं प्रमाण दर १०० कामगारांमागे १.८६ वरून ०.२ वर आलं. आणि नफा? तोही कित्येक पट वाढला.

हे आज का सांगतोय? आता सगळीकडे 'ग्रीन मेटल'ची चर्चा आहे. बरोबरच आहे. भंगारातून ॲल्युमिनियम केलं तर नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. पण तेच भंगार ओलं राहिलं आणि वितळलेल्या धातूत पडलं, तर स्फोट होऊ शकतो. आणि भट्टीसमोर कुणीतरी उभं असतं.

म्हणून कुठल्याही कंपनीचा सस्टेनेबिलिटी रिपोर्ट उघडलात, तर कार्बनसोबत अपघातांचा आकडाही बघा. त्यात कंत्राटी कामगार धरलेत का, तेही बघा. माणूस सुखरूप घरी पोचत नसेल, तर तो धातू कसला ग्रीन?

भेटू पुढच्या भागात!