प्लेटो डावा की उजवा?



प्लेटो डावा होता की उजवा, हा प्रश्न विद्यापीठातील वादसभेत शोभावा असा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात त्याची चर्चा कशासाठी, अशी शंका कुणाच्याही मनात येईल. परंतु माणसाचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच त्याच्यावर शिक्का मारला तर काय होते, हे या भूमीने जवळून अनुभवले आहे. म्हणून हा प्रश्न येथे विचारणे अधिकच उचित ठरते.

'डावे' आणि 'उजवे' हे शब्द मुळात १७८९ सालच्या फ्रान्समधील. राष्ट्रसभेत राजाच्या अधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडे आणि विरोधक डावीकडे बसू लागले. बसण्याच्या जागेचे नाव पुढे विचारसरणीला चिकटले. प्लेटो त्यापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे होऊन गेला होता.

तरीही शिक्के मारले गेलेच. राज्यकर्ते आणि सैनिक यांना खाजगी मालमत्ता नसावी, असे प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये सांगितले. तेवढ्यावरून काहींनी त्याला साम्यवादाचा आद्य पुरुष ठरविले. पण हे बंधन सत्ताधाऱ्यांपुरते आहे. शेतकरी आणि कारागीर यांची मालमत्ता त्याने काढून घेतलेली नाही आणि त्यांच्या हाती सत्ताही दिलेली नाही. सत्ता आणि संपत्ती एका हाती एकवटू नये, ही त्याची खरी चिंता. याउलट, ऑस्ट्रियातून परागंदा होऊन युद्धकाळात न्यूझीलंडमध्ये राहिलेल्या कार्ल पॉपर यांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात त्याच प्लेटोला सर्वंकष सत्तावादाचा पूर्वसूरी म्हटले. पॉपर यांचा इशारा निराधार नाही. कवींवर निर्बंध घालणारी प्लेटोची नगरी कठोर आहेच. पण त्या निष्कर्षावर हिटलरच्या काळाची गडद छाया आहे, हेही विसरता येत नाही.

सॉक्रेटिसचे उदाहरण याहून बोलके आहे. अथेन्सच्या लोकशाहीने इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला मृत्युदंड दिला. मग तो लोकशाहीचा शत्रू होता काय? सेनापतींवर बेकायदा सामूहिक खटला चालविण्याची मागणी लोकसभेत झाली, तेव्हा त्याने विरोध केला. पुढे तीस जुलमी सत्ताधीशांनी सलामिसच्या लिऑनला पकडून आणण्याची आज्ञा केली, तेव्हा ती न पाळता तो सरळ घरी निघून गेला. त्याने समूहाची मनमानी मानली नाही आणि मूठभरांचीही मानली नाही. असा माणूस कोणत्या बाकावर बसवायचा?

ॲरिस्टॉटलचे मत तर आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकते. चिठ्ठ्या टाकून अधिकारी नेमणे हे लोकशाहीचे लक्षण, तर निवडणुकीने नेमणे हे अल्पजनसत्तेचे, असे तो म्हणतो. मालमत्तेबाबत त्याचे सूत्र असे, की मालकी खाजगी असावी, पण उपयोग सर्वांचा असावा. हे भांडवलशाहीत बसत नाही, समाजवादातही नाही.

या सूत्राची आठवण करून देणारे एक गाव गडचिरोली जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे ते गोंडांचे गाव. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्याची घोषणा सर्वपरिचित आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्यान्वये २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा मार्ग स्वीकारला. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाची असते, कसण्याचा हक्क मात्र कुटुंबाकडे राहतो. ॲरिस्टॉटलचे सूत्र येथे जणू उलटे होऊन उभे आहे. हा साम्यवाद म्हणावा, तर वर्गसंघर्षाचे नाव नाही. बाजारवाद म्हणावा, तर जमीन विक्रीची वस्तू नाही. ग्रामसभेत निर्णय होतो तो बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. नेहमीच्या कोणत्याही खणात हे गाव मावत नाही.

शिक्क्याने येथे काय केले, ते याच पार्श्वभूमीवर पाहावे. माओवाद्यांनी 'पोलिसांचा खबऱ्या' एवढा एकच शब्द उच्चारून अनेक वनवासी ग्रामस्थांचे प्राण घेतले. दुसऱ्या बाजूला, जंगलावरील हक्क मागणारा साधा गावकरीही 'नक्षल्यांचा माणूस' म्हणून संशयाचा धनी झाला. ग्रंथातल्या प्लेटोवर चुकीचा शिक्का बसला तर एक पुस्तक नीट वाचायचे राहते. जंगलातल्या माणसावर बसला तर घर उघडे पडते.

याचा अर्थ कुणाचे मूल्यमापनच करू नये, असा नव्हे. ॲरिस्टॉटलने गुलामगिरीचे समर्थन केले. ते चूकच होते आणि तसे म्हटलेच पाहिजे. मात्र ते त्याचे म्हणणे वाचून म्हणावे, शिक्का वाचून नव्हे.

मेंढ्यात एक चांगली रीत आहे. गावाचा अभ्यासगट एखाद्या विषयाची सर्व बाजूंनी चर्चा करतो, बाहेरच्या जाणकारांनाही बोलावतो, पण तेथे निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो. आधी समजून घेणे, मग ठरविणे. कार्यकर्त्याने बैठकीत आणि आईवडिलांनी घरातल्या वादात एवढा क्रम पाळला, तरी पुष्कळ शब्द वाया जाणार नाहीत आणि काही माणसे दुरावणार नाहीत.