शांत झाड म्हणजे निरोगी झाड नव्हे

मी मूळची खांडबाऱ्याची, सध्या पुण्यात असते. बी.टेक. केलं आणि सॉफ्टवेअर लिहिते. खांडबारा कुठे, असं पुण्यात दर वेळी विचारतात, म्हणून सांगते: नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका, उधना-जळगाव रेल्वे लाइन. रेल्वेचा मुद्दाम उल्लेख केलाय, कारण पुढे मालगाड्या माझ्या कामात आडव्या येणार आहेत.

माझी दुसरी नोकरी एका छोट्या कंपनीत होती. काम असं की झाडाच्या खोडात एक खिळा ठोकायचा, त्याला सेन्सर लावायचा आणि आत अळी कुरतडतेय का ते ऐकायचं. गिऱ्हाईक आखातातलं. तिथल्या शहरांत रस्त्याच्या कडेला, मॉलसमोर खजुराची झाडं लावलेली असतात आणि त्यांना सोंड्या भुंगा पोखरतो. कोकणातल्या नारळवाल्यांना हा भुंगा नवा नाही. तो मूळचा आपल्याच बाजूचा, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. 1980 च्या दशकाच्या मध्याला तो आखातात पोचला, मग इजिप्त, 1990 च्या दशकात स्पेन, नंतर इटली आणि फ्रान्स. एवढा पल्ला तो उडून गेला नाही. शोभेची झाडं मुळासकट उपटून जहाजानं पाठवली गेली, त्यांच्या पोटातून गेला. युरोपातल्या समुद्रकाठच्या शहरांत ओळीनं लावलेले पाम माना टाकून मेले.

या किड्याची अडचण अशी की अंडं, अळी, कोष, सगळं खोडाच्या आत. बाहेरून झाड हिरवंगार. शेंडा कलला की समजायचं आता उशीर झाला. म्हणून ऐकायचं.

अळी चावते तेव्हा तंतू तुटतात आणि काही मिलिसेकंदांचे बारीक टकटक येतात. शहरात मात्र एसीचं कॉम्प्रेसर, ट्रक, पाणी सोडायचा पंप, सगळ्याचेच धक्के खोडात उतरतात. आमचं यंत्र रोज खोटे अलार्म द्यायचं. माणूस शिडी घेऊन जायचा आणि काही नाही म्हणून परत यायचा. गिऱ्हाईक वैतागलं. मग एका शुक्रवारी मी थ्रेशोल्ड वर सरकवला. एक आकडा बदलला, बस. अलार्म एकदम कमी झाले, मीटिंगमध्ये सगळे खूश.

दोन-तीन महिन्यांनी फोटो आला. डॅशबोर्डवर हिरवा ठिपका असलेल्या एका झाडाचा शेंडा खाली लोंबत होता. त्या ओळीतली आणखी झाडं निघाली. मला कोणी ओरडलं नाही. नुसता फोटो आला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेले तर आमच्या मागच्या दारच्या आंब्याची एक मोठी फांदी वाळलेली. हा आजोबांनी लावलेला आंबा, गावठी, रायवळ. लोणचं त्याचंच. फांदी बरोबर गोठ्याच्या पत्र्यावर आलेली. काका म्हणाले, "पोरी, हा आता पोकळ झाला. पावसाळ्यात कोणाच्या तरी अंगावर पडेल. झाडच काढून टाकू." काकूनं मला हाताला धरून बुंध्याशी नेलं. खाली लाकडाचा भुसा पडला होता. "मी रोज झाडते, रोज पुन्हा पडतो," म्हणाली.

तो भिरूड होता, आंब्याचा खोडकिडा. मोठा भुंगेरा, जवळपास पाच सेंटिमीटर, राखाडी अंग, मानेवर दोन नारिंगी डाग. पावसाळ्यात मादी सालीच्या चिरेत अंडी घालते आणि पांढरट अळी आतून बोगदे काढत बसते. उपाय जुनाच आहे: भोक शोधायचं, तार घालून अळी ओढायची किंवा आतच मारायची, कीटकनाशकाचा बोळा कोंबायचा, तोंड चिखलानं लिंपायचं. सायकलची स्पोक वाकवून काकांनी हे आधीही केलेलं. प्रश्न एवढाच होता की किडा फक्त फांदीत आहे की मुख्य खोडात उतरलाय. त्यावर झाड राहणार की जाणार ते ठरणार होतं. आणि आंबा तोडणं काही मनावर नाही, 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड आहे. पण काकांना कायद्यापेक्षा पत्र्याखालच्या म्हशीची काळजी जास्त.

माझ्या बॅगेत जुना सेन्सर होता. लावला. दिवसा काही उपयोग नाही, दर थोड्या वेळानं मालगाडी, ग्राफ नुसता काळा. रात्री दोननंतर शांतता व्हायची. या वेळी मी प्रोग्रॅमला विचारलंच नाही. थ्रेशोल्ड काढून टाकला आणि हेडफोन लावून बसले. दोन रात्री, हातभर अंतरावर खिळा हलवत. फांदीत टकटक स्पष्ट. दुबेळक्यातही होती. हेडफोन काकूला दिला तर म्हणाली, "अगं, हा तर उंदीर पोळी कुरतडतोय." दुबेळक्याच्या खाली मात्र काही नाही.

काकांनी विचारलं, "मग खोड चांगलं ना?" आणि मला हो म्हणता येईना. म्हटलं, "काका, शांत आहे. चांगलं आहे असं मी सांगू शकत नाही. अळी कोषात गेली असेल तर ती चावतच नाही." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फांदी काढू. खोड एक पावसाळा बघू."

यावर मला कुणी विचारतं, की असा किडा लागला तर झाड तोडायचं की वाचवायचं? ते किडा कुठला आहे यावर आहे. 1996 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मेपलच्या झाडांना गोल भोकं दिसली. आशियातून पॅकिंगच्या लाकडातून आलेला लांब मिशांचा भुंगेरा निघाला. 1998 मध्ये तो शिकागोत सापडला आणि शहरानं 1,551 झाडं तोडली. क्रूर वाटतं. पण 2008 मध्ये शिकागो त्या भुंगेऱ्यापासून मुक्त जाहीर झालं. परका किडा नुकताच आलाय, थोड्याच झाडांत आहे, तेव्हा कुऱ्हाड चालते. भिरूड आपला घरचा. तालुक्यातले सगळे आंबे तोडले तरी तो संपणार नाही, त्याच्याबरोबर स्पोक घेऊनच राहायचं. डेट्रॉइटकडे 2002 मध्ये ॲश झाडाचा हिरवा किडा ओळखला गेला तोवर तो वर्षानुवर्षं पसरलेला होता. पुढे कोट्यवधी झाडं गेली.

आणि शहरात भुसा दिसतच नाही, हे मला काकूमुळे कळलं. पुण्यात आमच्या गल्लीत पहाटे झाडू फिरतो, बुंध्यापर्यंत काँक्रीट, भुसा कचऱ्याच्या गाडीत. झाडाखाली रोज काय पडतं हे ज्यांना ठाऊक असतं, त्या झाडणाऱ्या मावशींना कुठल्याही उद्यान खात्याच्या मीटिंगला कोणी बोलावत नाही. मी आमच्या गल्लीतल्या मावशींना विचारलं, तर त्यांनी उभ्या उभ्या दोन झाडं दाखवली.

आंब्याची फांदी आम्ही नोव्हेंबरात काढली. दुबेळक्यात तीन भोकं सापडली, दोन अळ्या निघाल्या, करंगळीएवढ्या. तिसरं भोक रिकामं होतं. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावली, भोकांभोवती खडूनं गोल काढले. काकू आता झाडण्याआधी बुंध्याचा फोटो पाठवते, रोज सकाळी साडेसहाला. कालच्या फोटोत भुसा नव्हता. एक मुंगळा होता, त्याच्याभोवतीही तिनं गोल काढलाय.