घरातला धूर आणि गावची हवा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी हवेचा विषय घेतला. त्यावर एका मैत्रिणीने विचारले, "अहो, चंदगडच्या हवेला काय झाले? पाहुणे इथे हवा खायलाच येतात की!" तिचे म्हणणे खोटे नाही. ताम्रपर्णीचा काठ, पारगडाकडचे रान आणि धो धो पाऊस ज्या तालुक्याला लाभला, त्याने हवेची तक्रार का करावी? 2019 साली सरकारने स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला; त्यातल्या दूषित शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे, चंदगड नाही. पण ती यादी शहरांची. आपल्या चुलीपुढे मोजणीचे यंत्र कोण मांडणार? म्हणून आज मी तुम्हांला कोल्हापुरास नेत नाही, स्वयंपाकघरातच नेते.

लाकूड किंवा शेणी पुरती जळली नाही की बारीक कण हवेत उडतात. त्यांतले अगदी सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. त्यामुळे खोकला आणि दमाच वाढतो असे नव्हे. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, मुलांना न्यूमोनिया होतो, गरोदर बाईच्या बाळाचे वजन कमी भरू शकते. त्यात पावसाळ्यात आपले लाकूड ओले आणि दारे-खिडक्या बंद. म्हणजे बाहेरची हवा धुऊन निघते, तेव्हाच आतली सर्वांत वाईट असते!

हे लवकर ओळखणाऱ्यांत एक बाईच होत्या, याचा मला अभिमान वाटतो. डॉ. पद्मावती या भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. 1959 साली त्यांनी एका सहकाऱ्यासह दिल्लीतल्या 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसे खराब होत गेली की हृदयाची उजवी बाजू थकते, तो हा विकार. विडी-सिगारेट ओढणारे बहुतेक पुरुष. मग हा रोग बायकांत इतका का? त्याचे एक कारण चुलीपाशी सापडले. त्या डॉक्टरीणबाई स्वतः 103 वर्षे जगल्या आणि 2020 साली वारल्या.

आता आयुष्याचा हिशेब पाहू. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे 2017 या एका वर्षात भारतात सुमारे 12 लाख 40 हजार माणसे दूषित हवेमुळे दगावली. त्यांतले सुमारे 4 लाख 80 हजार मृत्यू घरातल्या धुराचे. हवा स्वच्छ असती, तर देशाचे सरासरी आयुष्य 1.7 वर्षांनी, म्हणजे सुमारे वीस महिन्यांनी वाढले असते. पण सरासरी हा शब्द फसवा आहे. ज्याला धूर लागत नाही, त्याचे फारसे काही जात नाही. जी रोज दोन वेळा फुंकणी घेऊन बसते, तिचे अधिक जाते.

कोणी म्हणेल, धुराडे बसवले की झाले. धुराडे हवेच. वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगनचूल' झाली, 1983 पासून सरकारनेही सुधारित चुली वाटल्या. तथापि कौलांवरून गेलेला धूर जातो कुठे? थंडीच्या पहाटे पाहा, आळीवर निळसर थर साचलेला असतो. शेतात पेटवलेले पाचट आणि उकिरड्यावर जाळलेले प्लास्टिक त्यातच मिसळते. काजूच्या टरफलात तर दाहक तेल असते. त्याचा धूर डोळे आणि घसा जाळतो. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाचा धूर पाच दिवस कोंडला आणि हजारो माणसे मेली. तो धूर कारखान्यांचा होता, तसा घरोघरच्या शेगड्यांचाही होता. म्हणून 1956 च्या कायद्याने तिथे घरच्या धुरावरही बंधन आले. घरचा धूर ही घरापुरती बाब नाही, हे त्यांनी मानले.

आपल्याकडे 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि बायकांच्या नावाने गॅस आला. सप्टेंबर 2019 मध्ये आठ कोटी जोडण्या पुऱ्या झाल्या. शेगडी आली हे खरे. पण टाकी संपली की दुसरीचे पैसे कोठून आणायचे? मग पाहुण्यांचा चहा गॅसवर, आणि भाकरी नि न्हाणीचे पाणी चुलीवर. लाकूड रानात फुकट मिळते म्हणतात. मोळीपायी गेलेला दिवस आणि धुरापायी गेलेले आयुष्य जमाखर्चात कोणी लिहीत नाही, म्हणून ते फुकट! भाकरी चुलीवरचीच गोड लागते, असे घरचे पुरुष म्हणतात. त्यांनी एकदा पावसाळ्यात ओल्या लाकडावर दहा भाकऱ्या भाजून पाहाव्यात.

माझ्या तीन सूचना आहेत. मंडळाने टाकीसाठी भिशी सुरू करावी, म्हणजे पैशांवाचून कोणाची शेगडी थंड पडणार नाही. चूल पेटवावीच लागली, तर लाकूड आधी वाळवून ठेवावे, धुराडे करावे, काजूची टरफले चुलीत घालू नयेत आणि तान्ह्या मुलाला व गरोदर सुनेला तिथून दूर ठेवावे. तिसरे, पाचट न पेटवता सरीत कुजवावे आणि प्लास्टिक जाळू नये, हा ठराव आपापल्या गावच्या महिला ग्रामसभेत आपणच मांडावा.

वटपौर्णिमेला आपण पतीचे आयुष्य मागतो. मागावे, त्यात वावगे नाही. पण आपले आयुष्य आपल्याच चुलीत जळू नये, एवढे मागणे घरच्यांपाशी मोकळेपणाने मागायला काय हरकत आहे?